पाठीमागे खोचलेले हातमोजे

हातमोज्यात फुंकर मारू नकोस, एर्मेक. किती वेळा सांगायचं? वाफ आत जाते, लोकर ओली होते, आणि थोड्या वेळात त्याचाच बर्फ होतो. उद्या लांडग्यामागे जायचंय ना? मग हात काखेत घाल आणि गप बस. आणि तू कशाला दात काढतोस, जायबेक? दाखव सगळ्यांना बाजारातून आणलेल्या तुझ्या त्या हात शेकायच्या गरम पुड्या. पहाटेपर्यंत पुरल्या तर मला सांग.

एवढंच ध्यानात ठेवा. हात दुखतोय तोवर हात आपला. दुखता दुखता अचानक बरं वाटायला लागलं, ऊब आली, की घाबरायचं. शेरगाझीला हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याच्यावर ती वेळ आलीच.

आपल्या वरच्या आळीतला शेरगाझी. अजून आहे, विचारा जाऊन. बोलणार नाही म्हणा. माझ्याशी तो त्याबद्दल एकदाच बोलला, बाकीचं त्याच्या बायकोनं, बुरमाकाननं सांगितलं.

गेल्या वर्षी चिल्देच्या, ऐन कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांतली शेवटची रात्र होती, शुक्रवारची. लांडग्यानं गावात उच्छाद मांडला होता. शेरगाझीनं घळीत सापळा लावलेला, तो बघायला दुपारी निघाला. नेम धरावा तर त्यानंच, असं सगळे म्हणायचे. त्या उजव्या हातावर त्याचं घर चालायचं, आणि त्याच हाताची त्याला घमेंडही होती.

माणूस बुटका आणि जाडा. मेंढीच्या कातड्याचा कोट चढवला की त्याचे हात पाठीपर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून कोटावरचा पट्टा बुरमाकान मागून ओढून गाठ मारायची. वाकडी, तिची स्वतःची गाठ.

"पोट आत घ्या जरा. लांडग्याला दाखवायला नेताय का?"

"गाठ मार आणि तोंड बंद ठेव."

तिनं दोन्ही खिशांत एकेक गरम बटाटा टाकला. आधी हातांना ऊब, नंतर पोटाला.

"ओमूरच्या घळीत चाललात ना? उजेड आहे तोवर परत या."

"ओमूर गेला मातीत. घळ आता कुणाच्या बापाची?" असं म्हणून तो गेला.

ओमूर त्याच्याहून वयानं मोठा. उंच, हडकुळा, लांब हातांचा. या घळीत शिकार कुणी करायची, यावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आदल्या शरदात एका जेवणावळीला ओमूर स्वतः भांडण मिटवायला पुढे आला. त्यानं दोन्ही हातमोजे काढले, एकात एक घातले आणि पाठीमागे पट्ट्याखाली खोचले. असं खोचणारा गावात तो एकटाच, आम्ही हसायचो त्याला. मग त्यानं उघडे हात पुढे केले. आता मोजा घालून कुणाशी हात मिळवणं म्हणजे तोंडावर थुंकणं, हे तुम्हाला सांगायला नको. शेरगाझीनं हात दिला. मोज्यासकट. चारचौघांत.

ओमूर त्या मोज्याकडे बघत राहिला. "पुढच्या भेटीत काढशील," म्हणाला.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला तो घळीत गोठून मेला. उचलायला मी होतो. बसलेला होता, हातमोजे पाठीमागे खोचलेले, एकात एक. उजवा हात पुढे. कफनात तो हात काही केल्या वाकेना. मला अजून वाईट वाटतं, आम्ही जोर लावला त्याचं.

तर शेरगाझी. सापळा रिकामा निघाला. तो शिव्या घालत मागे फिरला. तोवर अंधारून आलं होतं. बटाटे कधीच गार झाले होते, बोटं ठणकत होती. त्यानं मोज्यात मुठी वळल्या. बंदूक खांद्याला. वळणावरच्या खडकाशी कुणीतरी उभं होतं.

"सलाम, शेरगाझी."

वयानं मोठ्या माणसाचा आवाज. सवयीनं त्याचा डावा हात उजव्या मोज्याकडे गेला. मोजा अर्धा ओढलाही. मग त्याला ते पुढे आलेले हात दिसले. उघडे. लांब.

त्यानं मोजा परत वर ओढला.

"काढ," तो आवाज म्हणाला.

खाली मान घालून शेरगाझी चालू लागला. शेजारून तेही चालू लागलं. त्याच्या पायाखाली बर्फ करकरत होता. दुसऱ्या पायांखाली... काही नाही.

"एवढा मोठा शिकारी. हाताला किती जपतो."

त्यानं पावलं भराभर उचलली.

"काढ."

"नाही काढत." एवढंच बोलला. मुठी घट्ट. उजवा हात असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. काढत नाही. काढत नाही. मनात तेवढंच.

"काढ..."

मग आवाज थांबला.

ठणकाही थांबला. हाताला ऊब आली. चुलीजवळ बसल्यावर येते तशी. खांद्यापर्यंत. त्यानं वळून बघितलं. रस्ता मोकळा. समोर गावातले दिवे.

तो हसला. मला म्हणाला, दादा, मी खरंच हसलो. मेल्यावरही हात दिला नाही म्हाताऱ्याला.

घरी येऊन त्यानं दार ठोठावलं. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज आला. त्याला नवल वाटलं. बुरमाकाननं दार उघडलं. ती त्याच्या तोंडाकडे बघेना. खालीच बघत राहिली.

"मोजे कुठं आहेत?"

"घातलेत की."

"कुठं...?"

त्यानं हात वर केले. दोन्ही उघडे. मेणासारखे पांढरे.

डावा वाचला, नुसती कातडी सोलली. उजव्याची चार बोटं डॉक्टरांनी काढली. आता बंदूक मुलगा चालवतो आणि शेरगाझी कुणाशी हात मिळवायची वेळ आली की उठून बाहेर जातो. पण ते सगळं नंतरचं.

त्या रात्री बुरमाकाननं त्याला चुलीपासून लांब बसवलं आणि कोट उतरवायला मागे गेली. तिचे हात पट्ट्यावरच थांबले.

"काय झालं?"

"पट्टा सोडला होता तुम्ही?"

"माझा हात पोचतो का तिथं?"

गाठ तिचीच होती. वाकडी. दुपारी मारली तशीच. आणि त्या पट्ट्याखाली, पाठीच्या बरोबर मधोमध, त्याचे हातमोजे होते. एकात एक.

तिनं ते ओढून काढले. आत हात घातला...

आतून गरम होते.