दुसरी मुक्ताबाई

"मुक्ताबाईंचा ताप उतरलाय. गुरुवारी त्वचारोपण करू म्हणतोय. त्यांच्या नवऱ्याची सही हवी होती, तो गेलाय कुठं?"

फोनवर कॅप्टन हर्षाली होत्या, शहरातल्या लष्करी रुग्णालयात भाजलेल्यांच्या वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर. राजपाल बनसोडेनं फोन कानाला तसाच धरून समोर पाहिलं.

समोर बाजेवर मुक्ताबाई बसली होती. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले. शेजारी तिचा नवरा आबाराव बशीतला चहा तिला चमच्यानं पाजत होता. उद्या पहाटे तिघं त्याच रुग्णालयाकडं निघणार होते.

"मॅडम, मुक्ताबाई तुमच्याकडं कधी दाखल झाली?"

"परवा दुपारी. तुमच्याच पत्रावर की."

राजपाल उठून अंगणात गेला. "मॅडम, मुक्ताबाई इथं माझ्यासमोर बसलीय. तेरखेड्यात."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

राजपालनं वीस वर्षं त्याच वॉर्डात नर्सिंग असिस्टंट म्हणून काढली होती. निवृत्त होऊन गावी आल्यापासून लोक त्याला फौजी म्हणत. बारा दिवसांपूर्वी भीमाशंकरशेठच्या फटाक्याच्या शेडमध्ये दारू पेटली आणि मुक्ताबाईचे हात भाजले. सरकारी दवाखान्यात जीव वाचला, जखमाही आटोक्यात आल्या. सहाव्या दिवशी ती घरी आली. पण बोटं आखडू नयेत म्हणून कातडी लावायला हवी होती. लष्करी रुग्णालय सहसा बाहेरच्यांना घेत नाही. राजपालनं अर्ज केला, जुन्या ओळखीनं शब्द टाकला, तेव्हा मोठ्या साहेबांनी खास बाब म्हणून परवानगी दिली. पत्र एकाच पेशंटच्या नावाचं होतं.

"मग माझ्या वॉर्डात कोण आहे?" कॅप्टन हर्षालींचा आवाज आता कडक झाला होता.

"कुठं भाजलंय तिला?"

"हात, मान, हनुवटी. तोंडावर पट्टी होती, म्हणून आधारच्या झेरॉक्सवरचा फोटो ताडून बघता आला नाही. बोटांमुळं अंगठाही घेता येईना. दवाखान्याच्या कार्डावर फक्त हात लिहिलेत, ते मला तेव्हाच खटकलं होतं."

"सोबत कोण होतं?"

"एक माणूस. फाटकावर आबाराव अशी सही केली. गाडी लावून येतो म्हणाला, तो गेलाच."

"अजून काही?"

"पत्रात वय एकतीस आहे. घसा बघताना मी दात पाहिले. अक्कलदाढ एकही आलेली नाही. ग्लानीत 'अण्णा, अण्णा' करते. ड्रेसिंग मात्र सुरेख होतं. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलेलं, गाठ मनगटाच्या वरच्या अंगाला. आपल्याकडचीच पद्धत. बनसोडे, ही लष्करी जागा आहे. उद्या दहापर्यंत ती कोण ते कळलं नाही, तर मला वर कळवावं लागेल. मग बाहेरच्या माणसाचा एकही अर्ज साहेब हातात धरणार नाहीत."

राजपाल आत आला. मुक्ताबाईची फाईल पत्र्याच्या पेटीवर होती तिथंच होती. त्यानं पत्र काढलं, बोट ओलं केलं आणि निळ्या शिक्क्यावर फिरवलं. शाई फुटली नाही. रंगीत झेरॉक्स होती. दवाखान्याचं कार्डही झेरॉक्सच. बाकीच्या कागदांना कुणी हात लावला नव्हता.

"आबाराव, ह्या फाईलीपर्यंत कोण कोण आलं?"

"संघप्रिया रोज येती पट्टी बांधाया. तेरवा भीमाशंकरशेठ आलते, मुकादम बजरंगला घिऊन. गाडी देतो म्हनले. फाईलबी उघडून बघितली त्यांनी."

"तू सही करतोस?"

आबाराव ओशाळला. "अंगठाच हाय आपला."

मुक्ताबाई एकटक राजपालकडं बघत होती. "दादा, माजी जागा गेली का?"

राजपालनं फाईल मिटली.

तेवढ्यात संघप्रिया आली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका. राजपालच्या हाताखालीच ती ड्रेसिंग शिकली होती. झालेला प्रकार ऐकून तिनं मुक्ताबाईची पट्टी सोडायला घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "काका, मलम संपलंय. अजून एक डबा लागेल."

"तेरवाच दिला ना?"

"थोडं सांडलं."

राजपाल शेडकडं निघाला.

जळालेल्या खोलीच्या भिंती अजून काळ्या होत्या. पलीकडच्या खोलीत काम सुरू होतं. भीमाशंकरशेठ खुर्चीवर बसून होता, मुकादम बजरंग त्याच्या बाजूला उभा.

"फाईल का उघडली, शेठ?"

"माझ्या शेडचं नाव कुठं कसं लिवलंय ते बघाया. गुन्हा हाय का?"

"त्या दिवशी खोलीत किती माणसं होती?"

"मुक्ताबाई एकलीच. पंचनामा झालाय, वाच जाऊन."

"परवा दुपारी तुम्ही कुठं होता?"

"परंड्याला, लग्नात. शंभर लोक सांगतील."

"आणि तू रे बजरंग?"

बजरंगनं शेठकडं पाहिलं. "घरीच की."

आतून एका बाईनं हाक दिली, "अण्णा, ह्या पेट्या कुठं ठिवू?" बजरंग घाईघाईनं आत वळला. राजपालनं त्याला थांबवलं.

"तुझी पोरगी वैष्णवी दिसली न्हाय बरेच दिवस."

"तुळजापूरला हाय, मावशीकडं."

"कधीपासून?"

"झाले की बारा दिस." बोलून बसल्यावर त्यानं ओठ आवळले.

राजपालनं पुढं काही विचारलं नाही. रस्त्यात त्यानं दोन फोन केले. एक तुळजापूरला, एक पोलीस ठाण्यात. मग घरी जाऊन औषधांचं कपाट उघडलं आणि मलमाचे डबे मोजले. जे कळलं होतं ते त्याला नको होतं.

दिवस मावळायच्या आत मुक्ताबाईच्या अंगणात सगळे जमले. भीमाशंकरशेठ, बजरंग, संघप्रिया. उंबऱ्याशी ठाण्याचे जमादार.

"मुक्ताबाईच्या नावानं वॉर्डात जी हाय, ती बजरंगची वैष्णवी," राजपालनं सांगायला सुरुवात केली. "अक्कलदाढ न आलेली, अण्णाला हाका मारणारी. वय सतरा. तुळजापूरच्या मावशीनं तिला दिवाळीपासून बघितलेली न्हाय. ज्या दिवशी दारू पेटली, त्याच दिवसापासून ती गायब हाय."

"काय पुरावा?" शेठ उसळला.

"फाटकावर आबाराव म्हणून सही केली ती बजरंगनं, अक्षर ताडून बघा. आबाराव अंगठेबहाद्दर हाय, शेठ. सतरा वर्षांच्या पोरीला दारू भरायला बसवली, ती भाजली. दवाखान्यात नेली असती तर तिचं वय बाहेर आलं असतं, शेडला कुलूप लागलं असतं. म्हणून तुम्ही तिला कुठंतरी कोंडून ठेवली."

"मुक्ताबाई, तू त्या खोलीत व्हतीस. पोरगी दिसली का तुला?" जमादारांनी विचारलं.

"आवाज झाला आन् मला शुद्धच न्हाय राह्यली सायेब. वैष्णवी सकाळच्या पाळीला येती, दुपारच्या न्हाय, असंच म्हाईत व्हतं."

बजरंगनं शेठकडं पाठ केली. "शेठ म्हनले तेल लावू, बरी हुईल. म्या ऐकलं. बाप असून म्या ऐकलं."

"पत्राला मी हात लावला न्हाय!" भीमाशंकरशेठ ओरडला. "ते माझ्या माथी मारू नका."

"खरं हाय," राजपाल म्हणाला. "पत्र तुम्ही नेलं न्हाय. फाईलीतून नेमके दोनच कागद गेले, जे वॉर्डात अस्सल लागतात ते. हे तुम्हाला कसं कळणार? वैष्णवीची बोटं वेगवेगळी बांधली होती, गाठ मनगटावर होती. असं ह्या गावात दोघंच बांधतात. दोन हातांना मलमाचा एक डबा चार दिवस पुरतो. सहा दिवसांत माझ्या कपाटातून पाच गेले." त्याचा आवाज खाली आला. "संघप्रिया."

संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बजरंगअण्णा माझ्या पाया पडले," ती म्हणाली. "म्हणाले, शेठच्या मळ्यातल्या खोलीत चल, पण कुणाला बोललीस तर शेठ आम्हाला जगू देणार न्हाय. मी पोरीची मान बघितली, काका. पू झाला होता. ताप एकशे चार. तिला मिरजेला न्या, पुण्याला न्या म्हटलं, हे तयारच होईनात. कुठंही नेलं तरी कसं भाजलं विचारतील. मुक्ताकाकूंच्या भाजण्याची पोलिसांत नोंद झालेली होती. त्या नावावर कुणी विचारणार नव्हतं."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही ठाण्यात गेला असता. पोलीस येईपर्यंत ह्यांनी तिला दुसरीकडं हलवली असती. तुम्हीच शिकवलं ना, ज्याचा जीव जास्त धोक्यात, तो आधी."

"मी असं चोरी करायला शिकवलं न्हाय."

"न्हाय शिकवलं," ती म्हणाली.

मुक्ताबाई बाजेवरून उठली. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात तिनं संघप्रियाच्या तोंडापुढं धरले. "रोज ह्ये हात सोडत व्हतीस, बांधत व्हतीस. माज्या डोळ्यात बघून काकू म्हनत व्हतीस. एकदा तरी जीभ उचलायची व्हती गं!"



राजपालनं तिथूनच कॅप्टन हर्षालींना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. संघप्रियाचं नावही.

"पोरगी इथंच राहील," त्या शेवटी म्हणाल्या. "वॉर्डात आलेल्या जखमीला आम्ही फाटकाबाहेर काढत नाही. पण मुक्ताबाईंचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. पोलिसांच्या दाखल्यासकट. आणि बनसोडे, तुमच्या शब्दावर साहेब आता काही करतील असं वाटत नाही."

"समजलं, मॅडम."

जमादारांनी भीमाशंकरशेठला आणि बजरंगला गाडीत घातलं. संघप्रिया आपणहून मागं जाऊन बसली. पुढं तिची नोकरी थांबली, चौकशी लागली.

मुक्ताबाईचा दाखला यायला नऊ दिवस गेले. मग अर्ज मंजूर होऊन कातडी लावली, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडली ती आखडलीच. वैष्णवी वाचली.

महिन्यानं राजपाल वॉर्डात गेला, तेव्हा मुक्ताबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. तीन खाटा सोडून वैष्णवी झोपली होती. तिच्याकडं बघून राजपालनं हळूच विचारलं, "मुक्ताबाई, संघप्रियानं तुला आधी विचारलं असतं, तर दिलं असतंस पत्र?"

मुक्ताबाईनं आपल्या आखडलेल्या दोन बोटांकडं पाहिलं.

"न्हाय, दादा. म्या न्हायच म्हनले असते," ती म्हणाली. "आन् ती पोरगी मेली असती."