लाईन मेली का?

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी तिथं उभी होते.

गेल्या पोळ्याचा दुसरा दिवस. भर दुपार. फुलंब्रीला माझ्या भावाच्या, कडूबाच्या गोठ्यात.

मी शहरात, कॉलेजात फिजिक्स शिकवते. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते.

कडूबानं बिडकीनहून जुनी कडबाकुट्टी, गुरांचा कडबा बारीक करायची मशीन, आणली होती. तिथल्या कुटुंबानं जमीन विकली, गुरं विकली, मग हीही.

"चांगली मशीन इतक्या घाईनं का काढली त्यांनी?" मी विचारलं.

"आक्का, तुला सगळ्यातच संशय."

वायरमन इलियासभाईंनी मोटरीसाठी भिंतीपासून हातभर पुढं उभ्या केलेल्या लोखंडी पेटीत कॉन्टॅक्टर बसवला. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की तो खट करून आत ओढला जातो आणि मोटर फिरते. कॉइलची वीज दारापाशी लावलेल्या छोट्या लाल बटणातून. बटण चालू केलं की त्यातच दिवा लागतो.

चालू करून पाहिलं. पात्यात कडबा अडकला. मी बटण बंद केलं.

दिवा विझला…

आणि पुन्हा लागला.

बटण बंदच होतं.

"इलियासभाई, वायरी उलट्या लागल्यात."

"मॅडम, निकाह उलटा लागंल, माझी वायर नाय लागायची."

त्यांनी मेन बंद करून बटण उघडून दाखवलं. वायरी बरोबर होत्या. माझा संशय जाईना.

"कॉइलच्या दोन्ही वायरी काढा."

त्यांनी काढल्या. मेन चालू केला. दिवा लागला नाही. आता मोटर फिरणं शक्य नव्हतं.

आमच्याकडं मशीनमध्ये हात घालणारा आधी विचारतो, "मेली का?" म्हणजे लाईन. बटणापाशी उभा असलेला "मेली" म्हणाला, तरच हात आत.

कडूबानं हात पात्याच्या तोंडाशी नेला.

"मेली का?"

मी "मेली" म्हणणारच होते.

त्याआधी पेटीमागून आवाज आला… बाईचा. सावकाश.

"नाय मेले."

लाईनबद्दल कुणीही "नाय मेली" म्हणालं असतं. ही स्वतःबद्दल बोलत होती.

कडूबानं हात मागं ओढला.

खट.

मोटर फिरली. अडकलेला कडबा बारीक होऊन त्याच्या पायांवर पडला.

इलियासभाईंनी मेन पाडला. कॉइलच्या दोन्ही वायरी तशाच लोंबत होत्या. कॉइलला वीज नसताना कॉन्टॅक्टर एकाच प्रकारे लागतो. त्याच्या मधला काळा ठोकळा कुणी बोटानं आत दाबला तर.

पेटीपाशी कुणीच नव्हतं.

"आक्का… तू बोललीस?"

"नाही."

गोठ्यात दुसरी बाई नव्हती.

माझी वहिनी सारजाबाई म्हणते, "तिनं त्यांचा हात वाचवला, देवीच व्हय ती." ती मशीनला हळदीकुंकू वाहते. कडूबा कडबा विळ्यानं तोडतो.

मला पटत नाही. बोललं कोण, हे सगळे विचारतात. दाबलं कोण, हे कुणी विचारत नाही.

दोघी असाव्यात, असं मी स्वतःला समजावते. एकीनं दाबलं, दुसरीनं सावध केलं.

पण त्या पेटीमागं दोघींना उभं राहायला जागाच नाही.