थर्माकोलच्या डब्यातला वाघ

अकोटच्या स्टँडवर त्या सकाळी एवढं धुकं होतं, की अमरावतीची बस आधी ऐकू आली आणि मग दिसली. माझ्या लेकीचा, प्रणालीचा, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिला दिवस होता. जंगली जनावरांचा वंश तपासायचं काम. मी चौथी शिकलेली, पण पोरगी कुठं बसते, कोणाजवळ बसते, हे पाहिल्याशिवाय सोडणारी बाई मी नाही. सोबत निघाले.

बसमध्ये शिरले, तर एका सीटवर थर्माकोलचा डबा ऐटीत बसलेला, आणि त्याला हातानं धरून शेजारी एक लांबोडका पोरगा.

"काहून गा, डब्ब्यानं बसाचं आन् बाईमानसानं उभं राहाचं?"

"काकू, आतमंदी वाघ हाये."

"मंग त्याचं तिकीट काढलं का?" माझ्या मागून प्रणाली बोलली.

पोरगा गोंधळला. डबा मांडीवर घेत हळूच म्हणाला, "वाघ म्हंजे... वाघाची शी हाये. तिले फुल लागते का हाफ, ते मले मालूम नाई."

"शी!" मी पदर नाकाला लावला. प्रणालीनं मात्र ओढणीत तोंड लपवलं आणि परतवाड्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. मग पाहत काय होती? काचेत त्याचं तोंड दिसत होतं, ते मलाही दिसत होतं.

अमरावतीत उतरलो, तर डबा आमच्या प्रयोगशाळेच्याच दारात शिरला! पोराचं नाव अश्विन. मेळघाटातून वाघाची विष्ठा गोळा करून या प्रयोगशाळेत आणायची, हीच त्याची नोकरी. तिथल्या मॅडमनं कापसाची काडी प्रणालीच्या गालात आतून फिरवली आणि एका कुपीत बंद केली.

"पोरीचा गाल काहून खरवडता?" मी विचारलं.

"सगळ्यायचा घेतात, काकू," अश्विन म्हणाला. "आपली थुंकी, घाम वाघाच्या मालात मिसळला, तर ओळखू यावा म्हून. माही काडी बी हाये थ्या बर्फाच्या कपाटात." मग प्रणालीकडं पाहून, अगदी हळू, "आता तुमची बी... बाजूले."

मी खोकले. चांगला मोठ्यानं खोकले.

मग त्याचा एक रिवाजच झाला. जंगलातून उतरला, की बस धरायच्या आधी अकोटला आमच्याकडं चहा. आणि नेमका रविवारी, प्रणाली घरी असायची तेव्हाच. डबा मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, पोरगा आला. सांगायचा ते एकाच वाघिणीचं. म्हातारी, एका कानाला चीर पडलेली. सागाच्या नाल्यात राहायची. तिच्या त्या नाल्यासाठीच त्याला तिथं ठेवलेलं होतं.

"दसऱ्यापासून दिसली नाई," तो म्हणायचा, "पन पायाची खून सापडते तिची. असन..."

"असन ना," प्रणाली म्हणायची आणि कपाकडं पाहायची. तेव्हाच मला वाटलं, ही काही तरी गिळून बसली आहे.

एका रविवारी सकाळपासून आभाळ काळवंडलेलं होतं. तुरीच्या शेंगांवर कीड पडेल असं घाणेरडं आभाळ. अश्विननं डबा ओट्यावर ठेवला. प्रणाली दारातच उभी राहिली.

"अश्विन... म्हातारी नाई त्या डब्ब्यात. बिबटच असन. मागच्यात बी बिबटच होता."

तो डब्याजवळ ओट्यावर टेकला.

"मले पहिल्याच खेपेले समजलं होतं. पुन्हा तपासतो, पुन्हा तपासतो, म्हनत मॅडमले थांबवून राहिली मी. नाल्यात वाघीण नाई म्हटलं, का तुमचं काम खतम. तुमाले चंद्रपूरकडं धाडतीन."

"मले बी मालूम होतं," अश्विन म्हणाला.

"काय?"

"पंजा लहान होता. चिखलात रोजच पाहून राहिलो ना मी. बिबट्याचाच होता."

"मंग आनत काहून होता?"

तो डब्याच्या झाकणावरची चिकटपट्टी नखानं उकरत राहिला. "डब्बा आनला नाई, तर... अमरावतीले या काहून लागन मले?"

मी आत चुलीवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं. जाऊ दिलं.

प्रणालीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. माझीच लेक ती. "उद्या सांगतो मी मॅडमले. आपून दोघं चूप राहिलो, तर म्हातारी कागदावर जित्ती राहीन, आन् तिले शोधाले कोनी जानार नाई. मेली असन, तर कोनी तरी रडाले पायजे ना तिच्यासाठी?"

"सांगा," तो म्हणाला. "मी बी येतो. नाल्यात शेवटची ती कुठं बसे, मले मालूम हाये." मग थांबून, "आज मले 'अरे' म्हना ना... एक डाव."

"अरे... जाजो नोको," ती म्हणाली, आणि रडली.

म्हातारीची हाडं सापडली नाल्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत. वयानंच गेली होती. आठवडा सरायच्या आत अश्विनची बदली आली.

स्टँडवर पुन्हा तसंच धुकं. त्याच्या मांडीवर डबा नव्हता, तर पोराला हात कुठं ठेवावे कळेना. मी भाकर-ठेच्याची पिशवी तिथं ठेवली. प्रणाली खिडकीखाली उभी राहिली. त्यानं काचेवर साचलेलं दव बोटानं पुसलं, तिच्या तोंडापुरतं. बस गेली.

परवा मी तिला विचारलं, "त्याची काडी काढली का कपाटातून?"

"नाई, आई. काम सुटलं तरी ठेवतात. माह्या बाजूलेच हाये."

"किती दिस टिकते?"

"बर्फात? लई वर्सं."

"मंग सांग त्याले फोनवर," मी म्हटलं, "लई वर्सं थांबनारी बाई नाई मी. मायबापाले घेऊन ये म्हना. आन् डब्बा बाहेर ठेवजो."