चला, मी सोडतो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय. घरात कुठे खुट्ट झालं तरी एकटे उठून बघायला जाणारा माणूस. कुणी भुताची गोष्ट काढली की सगळ्यात आधी हसणार ते.

आता हसत नाहीत.

दाजींचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा. त्यात ओळीने लावलेल्या जुन्या मोटारसायकली, मागे ग्रीसने माखलेलं टेबल आणि टेबलावर कायम चार्जिंगला लावलेला मोबाइल. मोबाइलवरच्या लिलावात गाडी पकडायची, नीट करायची आणि पुन्हा तिथेच विकायची. धंदा नव्हे, डोक्याला ताप. फोटोत नवरी दिसते आणि दारात म्हातारी उतरते. तक्रारीला फोन लावला की पलीकडचा गोड आवाज म्हणतो, "सर, तुम्ही गाडी जशी आहे तशी घेतलीय."

दाजींची एक सवय मात्र गाळ्यांच्या सगळ्या लाइनीला माहीत होती. गाडी पोचवायला आलेला माणूस परत जाताना पायी निघाला की त्यांना राहवायचं नाही. लगेच आपल्या स्कूटरला किक मारायचे.

"चला, मी सोडतो."

वाक्य तोंडात बसलेलं. झोपेतसुद्धा म्हणत असतील.

आणि मग ती काळी गाडी आली.

इंजिन ठणठणीत, रंग शाबूत, टायर नवेकोरे. शेजारच्या गाळ्यातला मिस्त्री गाडीभोवती फिरून आला. म्हणाला, "शेठ, लॉटरी लागली तुम्हाला!"

कसली लॉटरी!

पहिल्या गिऱ्हाइकाने चार दिवसांत परत पाठवली. तक्रार काय, तर मागचे शॉकअप बसतात, स्प्रिंगा दबूनच राहतात. दाजींनी नवे टाकले.

दुसऱ्यानेही परत पाठवली. "एकटा चालवतो, तरी डबलसीट असल्यासारखी ओढते." दाजी जाम भडकले. लोकांना फुकटात विमान पाहिजे, म्हणाले.

तिसरा स्वतःच घेऊन आला. गाडी दारात लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि चालू पडला.

"अहो, पायी कुठे निघालात? चला, मी सोडतो!"

त्याने वळून बघितलं. दाजींकडे नाही...

गाडीच्या मागच्या सीटकडे.

आणि पळतच सुटला.

त्याच दुपारी लिलाववाल्यांचा मेसेज आला. आणखी एक गाडी परत आली किंवा सौदा मोडला, तर खातं कायमचं बंद. खातं बंद म्हणजे दुकान बंद. दाजींना दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात शिकवणार कोण?

त्यांनी गाडी पुन्हा लिलावात टाकली. टाकल्या टाकल्या बोली लागली. माणूस उद्याच न्यायला येणार होता.

संध्याकाळी मिस्त्री घरी गेला. दाजींनी ठरवलं, एकदा आपणच बसून बघू. स्टँड काढला. बसले. मागचे शॉकअप जरासे दबले. दबणारच, माणूस बसलाय.

मग...

ते पुन्हा एकदा दबले.

हळूच. मागे कुणीतरी सावरून बसावं तसे.

दाजींनी आरशात बघितलं. रस्ता दिसत होता, गाड्या जात होत्या, समोरचा न्हावी दुकान झाडत होता. पण आवाज... कशाचाच येत नव्हता. ना हॉर्न, ना झाडू.

त्यांनी खाली बघितलं. मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडे होते. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने दुमडले होते.

दाजी तसेच उतरले. गाडी वर आली...

पण निम्मीच.

घरी गेल्या गेल्या त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "अहो, नकोच ती अवदसा. नाही म्हणून कळवा त्या माणसाला."

"नाही म्हटलं तरी खातं बंदच होतंय गं. इकडे आड, तिकडे विहीर."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी माणूस आला. पोरसवदाच होता. बरोबर बायको, दिवस भरत आलेली.

"हिला दवाखान्यात न्यायला-आणायला हवीय," तो म्हणाला. "काका, गाडीत काही खोट नाही ना?"

दाजींनी तिच्या पोटाकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

दोघं मिस्त्रीकडे पाणी प्यायला गेली. गाळ्यात उरले दाजी आणि ती गाडी. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी रिकाम्या सीटपुढे चक्क हात जोडले.

"जे कोण असाल ते... ती पोटुशी आहे हो. तिथे तिला बसायचंय. उतरा."

काहीच नाही.

"उतरा ना. पाया पडतो."

काहीच नाही.

आणि मग सवयीने... अगदी सवयीने... तोंडातून निघून गेलं.

"चला, मी सोडतो."

शॉकअप कुरकुरले. गाडी वर आली. पूर्ण वर.

फूटरेस्ट आपोआप दुमडले. खट्...

खट्.

जोडपं हसत-खिदळत गेलं. गाडी परत आली नाही. उलट पुढे पोराने गाडीचं कौतुकच लिहिलं. खातं वाचलं, दुकान वाचलं. त्या दुपारी दाजींना सुटल्यासारखं वाटलं. गुणगुणतच त्यांनी घरी जायला स्कूटर काढली. बसले. स्कूटर दबली.

मग...

पुन्हा एकदा दबली.

घरापर्यंत त्यांनी आरशात बघितलं नाही.

फाटकात त्यांची लेक उभी होती. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. बाबा आले की मागे बसून एक चक्कर, हा रोजचा हट्ट. ती धावत आली आणि स्कूटरपाशी थबकली.

"बाबा, मी कुठे बसू?"

"मागे बस की."

"मागे जागा कुठंय?"

त्या दिवसापासून स्कूटर अंगणात झाकून ठेवलीय. दाजी पायी येतात-जातात. मिस्त्री चेष्टा करतो, "शेठ, शंभर गाड्या आणि पायी?" दाजी हसल्यासारखं करतात.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाजी कोपऱ्यावरून येताना दिसले. पुढे वाकून, एकेक पाऊल ओढत येत होते. दारात धापा टाकत टेकले. ताई म्हणाली, डॉक्टर म्हणतात कंबर ठीक आहे, पाठही ठीक आहे.

ठकी पलीकडे उभी होती. दाजींनी हात पुढे केले. "ये, पाठीवर घेतो तुला. किती दिवस झाले!"

ठकी जागची हलली नाही. तिची नजर बाबांच्या खांद्याच्या जरा वर होती.

"आधी त्यांना सोडून या," ती म्हणाली.

दाजींनी मान खाली घातली. कुठे सोडायचं, हे त्यांनी तेव्हा विचारलंच नव्हतं.