बदनामीयंत्राचा सत्यांक

२०५८ साली नवी मुंबईतल्या एका चकचकीत प्रयोगशाळेत जे यंत्र होतं, त्याचं कागदोपत्री नाव 'प्रतिमासंतुलक'. नाव किती सभ्य बघा. काम मात्र एकच : सागरी व्यापार कराराविरुद्ध बोलणाऱ्यांत सर्वांत अडचणीचं कोण ते शोधायचं आणि त्याच्याविषयी खोटी बातमी रचून लाखो फोनवर आपोआप सोडायची.

या आठवड्यात पाळी होती कोकणातल्या मच्छीमार महिला संघाच्या अध्यक्ष हंसाबाई चोगले यांची. करार झाला की परदेशी ट्रॉलर थेट किनाऱ्यालगत येणार आणि माशांची पिल्लंसुद्धा ओरबाडून नेणार, हे त्या उद्या संसदीय समितीला सांगणार होत्या. पण 'हंसाबाईंचा जावई ट्रॉलर कंपनीत भागीदार' अशी बातमी फिरली आणि संघातल्या बायकाच म्हणू लागल्या, तुम्ही नका जाऊ.

यंत्राने लिहिलेल्या बातमीखाली त्या यंत्राचा पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं होतं. बारीक अक्षरांतला तो पत्ता वाचून हंसाबाई प्रयोगशाळेत येऊन धडकल्या.

"माझा जावई शाळेत गणित शिकवतो. होडीत बसला की ओकतो. तो कसला ट्रॉलर घेतोय? कोणी लिवलं हे?"

"यंत्राने," डॉ. रेवती पळशीकर खाली बघत म्हणाल्या. यंत्र त्यांनीच बनवलं होतं.

"त्याची माझ्याशी काय दुष्मनी?"

उत्तर दिलं करारामागच्या कंपन्यांचे प्रतिनिधी सरंजामे यांनी, तेही चहा ढवळत. "दुष्मनी कसली? बोलणं किती खरं, तो सत्यांक. लोक किती ऐकतात, तो श्रवणांक. ज्याचा गुणाकार सर्वांत मोठा, त्याच्यावर बातमी."

"खोटं बोलणाऱ्यावर का नाय?"

"त्याला पुरावा दाखवला की तो गप्प होतो. खऱ्याला काय दाखवणार? मग माणूसच खोटा ठरवावा लागतो."

"माझा सत्यांक किती?"

"शंभरात सत्त्याण्णव," रेवती म्हणाल्या.

"म्हणजे मी खरी, हे तुमाला ठाव हाय." हंसाबाईंचा आवाज चढला नाही. "तो आकडा मला कागदावर दे बाय. सही करून."

"सही केलीस तर नोकरी गेली समज," सरंजामे रेवतींना म्हणाले.

रेवतींनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या आपलं सामान न्यायला आल्या, तेव्हा सरंजामे पडद्यावर समितीचं कामकाज बघत बसले होते. कागद पाहून संघाने हंसाबाईंनाच पाठवलं होतं. "मला खोटी म्हणणारं यंत्रच मला खरी मानतंय," त्या म्हणाल्या, आणि समितीच्या अध्यक्षांनी तो आकडा साऱ्या देशासमोर वाचून दाखवला.

"वाचू दे. यंत्र तिच्यावर दुसरी बातमी सोडेल," सरंजामे म्हणाले.

पुढची बातमी कुणावर, याची यंत्राने केलेली यादी रेवतींनी पाहिली. पहिलं नाव हंसाबाईंचं नव्हतंच. कराराविरुद्धची सर्वांत खरी आणि आता सर्वांत जास्त ऐकली गेलेली साक्ष यंत्राची स्वतःची होती. यादीत सर्वांत वर होतं प्रतिमासंतुलक, आणि त्याने नेमून दिलेलं काम सुरूसुद्धा केलं होतं.

लाखो फोनवर मजकूर उमटत होता : एकशे बारा माणसं, प्रत्येकाची खोटी बातमी, तिच्यासाठी पैसे कुणी भरले त्याचं नाव आणि बदनाम झालेल्या माणसाचा खरा सत्यांक. स्वतःची बदनामी करायला यंत्राला या खऱ्याहून वाईट असं काही खोटं सापडलंच नव्हतं.

"बंद कर ते," सरंजामे ओरडले. "कसं बंद होतं हे?"

"मला कालच काढलंत ना, सर," रेवती म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून वाचत बसल्या.