दाराबाहेरची सुटी फरशी

फरशी निवडायला आम्ही तिघं गेलो, तेव्हा दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. बाबांना आरशासारखी चकचकीत पांढरी हवी होती. आईला धूळ न दिसणारी. दुकानदार एकेक नमुना भिंतीला टेकवत होता आणि प्रत्येकाबद्दल "सध्या हीच चालते" असं सांगत होता. मी चपला काढल्या, डोळे मिटले आणि खाली मांडलेल्या नमुन्यांवरून अनवाणी चालू लागले.

"हिचं काय चाललंय?" दुकानदाराने विचारलं.

"ती पायांनी बघते," बाबा म्हणाले. "तिने तोंडाने बोलावं असं वाटत असेल, तर तिच्याकडे आधी अर्ज करावा लागतो."

मी आजोबांसाठी बघत होते. त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. घर त्यांना तळव्यांनी पाठ आहे. कुठे गार लागतं, कुठे कोपरा उडालाय, कुठून न्हाणीघराकडे वळायचं, सगळं पायाला माहीत. शेवटी मी एका खरखरीत, राखाडी फरशीवर उभी राहिले आणि तिथून हललेच नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि ठरलं.

त्या संध्याकाळी आजोबांना ही बातमी मीच सांगितली. ते खूश झाले. मग म्हणाले, "सगळं घर नवं करा. माझ्या दाराबाहेरची एक तेवढी राहू दे."

त्यांच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये एक फरशी सुटी होती. पाय पडला की टक्, उचलला की पुन्हा टक्. बाबांचं टक् जड, आईचं घाईचं. मी मात्र ती नेहमी ओलांडून जायचे. आपण आलो हे सगळ्या घराला कळावं, असं मला कधी वाटलं नाही. म्हणून तर आजोबा मला मनी म्हणतात.

"ती कशाला हवी, आजोबा?"

"तू दुपारी येतेस ते तिच्यामुळेच कळतं ना. टक् वाजलं की समजायचं, आली मनी. शेजारी बसतेस, हात हातात देतेस. बोलत नाहीस, पण ते काही नवं नाही. हात मात्र फार गार असतात गं तुझे. स्वेटर घालत जा."

माझी शाळा सकाळची. आई-बाबा कामावर गेले की दुपारी घरात आम्ही दोघंच. पण मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत असते. आजोबा झोपले असतील असं समजून मी दुपारी त्यांच्या खोलीत कधी गेलेच नव्हते.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पॅसेज दिसेल अशी बसले. ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीपर्यंत पोचलं होतं. पंखा फिरत होता. हळूहळू त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, जणू कुणी कानांत कापूस घातला होता. कुठूनसा बंद कपाटातल्या कपड्यांचा वास आला. आणि मग...

टक्.

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं. सरळ, रिकामा पॅसेज.

टक्.

"आलीस? ये," आजोबा आत म्हणाले. मग त्यांचं हळू आवाजातलं बोलणं सुरू झालं. त्यांच्या शाळेच्या गमती, एका खोडकर शिक्षकांची नक्कल, मध्येच हसणं. माझ्या हातातलं पेन ओलं झालं होतं. भीती वाटत होती. पण आणखीही काहीतरी वाटत होतं. त्या गमती त्यांनी मला कधीच सांगितल्या नव्हत्या.

फरशी बसवायला बाबांनी मागच्या गल्लीतले गुण्याकाका ठरवले. काटकोन बघायचा गुण्या त्यांच्या कमरेला कायम खोचलेला असतो, म्हणून हे नाव. फरशी फोडायची म्हणून आजोबांना थोडे दिवस बाबांच्या भावाकडे ठेवलं होतं. गुण्याकाका आले आणि उकिडवे बसून हातोडीच्या दांड्याने घरभर ठोकत फिरले. "भरीव आहे ती गप्प बसते," ते म्हणाले. "पोकळ असते ती बोलते. माणसांसारखंच."

आजोबांच्या दारापाशी ते पोचले, तेव्हा मी सकाळपासून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "काका, एवढी एक... सुटीच ठेवाल?"

"सुटी?" त्यांनी मान वर केली. "लोक माझ्याशी भांडतात, सुटी निघाली म्हणून. आणि तू सुटी ठेव म्हणतेस?"

"आजोबांना आवाज लागतो. कुणी आलं की... कळायला."

ते थोडा वेळ हातोडी फिरवत राहिले. "पोरी, बोलणारी फरशी माझ्या हातून बसायचीच नाही. हातच ऐकत नाही. तुझे आजोबा आले की तूच बोलत जा त्यांच्याशी. कसं?"

मग त्यांनी छिन्नी लावून ती फरशी उचलली, उजेडात तिरकी धरली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ही जाता-येता झिजलेली नाही," ते म्हणाले. "इथे कुणीतरी उभं राहत आलंय. रोज. दाराकडे तोंड करून."

फरशीवर शेजारी शेजारी दोन उथळ खळगे होते. त्यांनी ती खाली ठेवली, तेव्हा मी एका खळग्यात पाऊल टेकवून पाहिलं. माझं पाऊल त्यात मावलं नाही.

आजोबा परत आले. नव्या फरशीवरून दोन-तीनदा फिरले आणि म्हणाले, "वा. पायाला बरोबर कळतंय." बाबांनी लगेच श्रेय घेतलं. सगळे हसले. पण नंतर दुपारी त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू येईना. एकदा जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "मनी, हल्ली येत नाहीस गं?"

त्याच दुपारी मी गेले.

"आज आवाज नाही झाला," ते म्हणाले.

"फरशी नवी आहे ना, आजोबा."

"अरेच्चा, तुला बोलता येतं की." त्यांनी माझा हात घेतला. "आणि हात गरम. घातलास वाटतं स्वेटर."

"हो," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज जाते. शिक्षकांची नक्कल आता मलाही येते. शाळेत वर्षभर बोलत नाही तेवढं मी त्या पलंगावर बोलून घेते. इतक्या छान दुपारी मला कधी मिळाल्या नव्हत्या.

परवा मी त्यांना धडा वाचून दाखवत होते. पुस्तक मांडीवर होतं, एक हात त्यांच्या हातात. वाचता वाचता पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. बंद कपाटातल्या कपड्यांचा वास आला.

टक्.

मी थांबले. दाराबाहेरची ती नवी फरशी मी स्वतः गुण्याकाकांच्या हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिली होती. भरीव. गप्प.

टक्.

आजोबांनी दाराकडे तोंड वळवलं. हसले. मोकळा हात त्यांनी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पुढे केला, थोडा वेळ तसाच धरला, आणि मग त्यांची बोटं कशावर तरी हळूच मिटली.

"मनी," ते म्हणाले, "एक हात गरम आणि एक गार... स्वेटरला आज एकच बाही आहे का गं?"

माझा दुसरा हात पुस्तकावर होता.

"हो, आजोबा," मी म्हणाले, आणि जागा व्हावी म्हणून थोडी सरकून बसले.