दिवेलागणीची झोप

मे महिन्यातल्या भर दुपारी नागपूरचा माणूस सहसा घराबाहेर पडत नाही. पण रुपराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीला जाऊन आले. काम साधंच होतं. कॉम्प्युटरची चिप तापू नये म्हणून लावतात त्या थर्मल पेस्टची एक बारकी नळी आणायची होती, कारण त्यांचा कॉम्प्युटर काही दिवसांपासून झोपताना मरत होता.

झोपताना मरतो, हे त्यांच्या बायकोचं, गोपिकाचं बोलणं. संध्याकाळी लाइट गेली की इन्व्हर्टरवर एकतर कूलर चालायचा, नाहीतर कॉम्प्युटर. मग गोपिका काम तसंच उघडं ठेवून त्याला झोपवायची. पडदा काळा व्हायचा, पण आतला पंखा थांबायचा नाही. किती बटणं दाबली तरी तो ओ देत नसे. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, म्हणजे त्याचा गळाच आवळायचा. असं झालं की दुसऱ्या दिवशी त्याची जुनी डिस्क सुरू होताना कण्हायची.

ती डिस्क गेली असती तर रोशनीच्या लग्नाची साडी गेली असती. लेकीच्या साडीची करवती किनार गोपिका ह्याच मशीनवर काढत होती. फाइलची कॉपी होती, पण ती उघडणारा जुना प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नव्हता. तिकडे उमरेडला विणकर महादेवराव माग मांडून बसले होते, आणि लग्न तोंडावर आलं होतं.

रुपराव ह्या मशीनवरचं लिनक्स कोणाकडे शिकले नव्हते. चुकत, वाचत, पुन्हा चुकत शिकले. पेस्ट लावून झाली, ग्राफिक्स कार्ड थंड राहू लागलं, तरी ते मशीनच्या नोंदी चाळत बसले. तिथे त्यांना खरं दुखणं सापडलं. झोपण्याआधी ग्राफिक्स कार्डानं आपल्या पोटातलं सगळं डिस्कवर नीट मांडून ठेवायचं असतं. कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमधली ती सोय बंदच होती. त्यांनी ती चालू केली. मशीन झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं.

“झोपते का आता?” पिशवी घेऊन निघालेल्या गोपिकानं विचारलं.

“लेकरासारखा झोपते.”

“दुपारचा तो त्रास देतच नाही. दिवेलागणीलेच काहून मरते, ते सांगा.” ती हसली. “आईनं ह्या घरात दिवेलागणीले कोणाले झोपू देल्लं होतं का? तुम्ही झोपले का तुमच्या तर डोक्यात सुताची कांडी वाजत होती!”

“मशीनले वेळ-अवेळ काय समजते वं?”

“मले नका शिकवू. मी इतवारीतून साडीची जरी घेऊन येतो. दिवा तुम्ही लावा, विसरू नका.”

आई म्हणजे इंदूबाई. जन्मभर उमरेडला मागावर बसलेल्या. म्हातारपणी नागपूरला लेकाकडे आल्या, तेव्हा माग तिकडेच देऊन टाकला. पण हाताला लागलेली खळ, म्हणजे सुताला पाजतात ती कांजी, तिचा आंबूस वास त्यांच्या लुगड्याला शेवटपर्यंत होता. गोपिकाच्या शेजारी स्टुलावर बसून त्या पडद्यावरच्या किनारीतले दोष सांगायच्या. विणलेल्या प्रत्येक साडीत त्या नजर लागू नये म्हणून एक काळा धागा सोडत, दर साडीत वेगळ्या जागी. जागा कशी ठरवतात, हे विचारलं तर नुसत्या हसायच्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. रोशनीच्या किनारीत काळा धागा कुठे टाकावा, हे गोपिकाला सुचलंच नाही. तिनं तो सोडून दिला होता.

गोपिका इतवारीला गेली. रुपराव किनारीचं काम बघत बसले, आणि दिवा राहिला. बाहेरचं ऊन पिवळं झालं, मग राखाडी. तेवढ्यात लाइट गेली. कूलर गुरगुरत थांबला. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा उरला.

इन्व्हर्टर टूं टूं करू लागला. रुपरावांनी निर्धास्तपणे मशीन झोपवलं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला नाही.

उलट तो वाढला. मग त्या घरघरीत एक ताल आला... खट्... खट्... खट्... डिस्क असेल, ते मनाशी म्हणाले. डिस्कच आहे. पण वाळ्याच्या वासाखालून दुसरा एक वास वर येत होता. आंबूस, ओलसर.

त्यांनी बोट पॉवरच्या बटणावर नेलं. आता गळा आवळला तर बहुधा शेवटचाच...

“आई,” त्यांच्या तोंडून निघालं, “मी झोपवून नाही राहिलो वं कोणाले...”

ताल थांबला. मागे स्टूल किंचित करकरलं. आणि त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, अगदी हलके, टक्कन काहीतरी लागलं.

रुपराव मागे न बघता उठले. काडीपेटी सापडेना, सापडली तर काडी पेटेना. देवापुढचा दिवा लागला तसा पंखा हळूहळू मंदावला, आणि थांबला. मशीनचा बारका दिवा शांतपणे उघडझाप करू लागला. मशीन झोपलं होतं.

गोपिका आली तेव्हा लाइटही आली होती. तिनं कळ दाबताच मशीन उठलं, किनार जशीच्या तशी. फक्त करवतीच्या दातांच्या मुळाशी एक बारीक काळी रेघ.

“ड्रायव्हरचा दोष राहिला वाटते,” रुपराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला. “पडद्याचा दोष असला तर रेघ जागेवरच राहीन. पाहू.”

त्यांनी माउसनं खिडकी धरून बाजूला सरकवली.

रेघ किनारीसोबत सरकली.

मग गोपिकानं पदर सावरला आणि पडद्याला हात जोडले. “राहू द्या. किनार कागदावर छापून उद्या सकाळच्या एसटीनं महादेवरावले पाठवून द्या. अशीच.” तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता. रुपरावांनाही बरं वाटलं. लेकीची साडी आता होणार होती.

“आता रोज दिवा लावूनच झोपवू त्याले,” ते म्हणाले.

“हो.” ती हसली, मग तिचा हात त्यांच्या डोक्यामागे गेला. “अहो, केसात काय अडकलं हे?”

तिनं चिमटीत धरून ते दिव्याजवळ नेलं. काळ्या सुताचा तुकडा होता. खळीनं अजून ओला.